ट्रॅकची गाडी घेण्यापूर्वी

नाशिक

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. नळ्यांचा सांगाडा, फायबरचे अंग, मारुतीचे १३०० सीसीचे इंजिन, उघडी चाके आणि एकट्या चालकापुरती बैठक, हे सगळे मी नीट पाहिले. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. ही जुनी शर्यतीची गाडी घ्यावी का, आणि घेतली तर पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात तिची नोंदणी करून अधूनमधून रस्त्यावर काढता येईल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. तिची नोंदणी होणार नाही, आणि पुढेमागे काहीतरी जमेल या आशेवर ती घेऊ नकोस.

विकणाऱ्याने तुला सांगितले आहे की दिवे, हॉर्न आणि आरसे बसवले की काम होते. तसे होत नाही. आपल्याकडे आरटीओ नोंदणी करते ती मंजुरी मिळालेल्या मॉडेलच्या गाडीची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे उत्पादकाला किंवा आयातदाराला गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडे तपासणीसाठी द्यावा लागतो. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या आपल्या जवळच्या अशा संस्था आहेत. तिथे ब्रेक, धूर, आवाज, दिवे, सीटबेल्टचे आधारबिंदू अशा कितीतरी गोष्टी तपासल्या जातात आणि मगच त्या मॉडेलला प्रमाणपत्र मिळते. तुझ्या गाडीच्या निर्मात्याने ती या वाटेने कधी नेलीच नाही, कारण ती रस्त्यासाठी बांधलेलीच नव्हती. इंजिनाचेच बघ. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ या धुराच्या मानकाच्या खालच्या गाडीची नवी नोंदणी बंद आहे, आणि हे इंजिन त्याच्या कितीतरी आधीचे आहे. चाकांना स्लिक टायर आहेत. साध्या मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे असा नियम आहे आणि स्लिकला नक्षीच नसते. पुढची पारदर्शक पट्टी सुरक्षा-काचेची नाही, सायलेन्सर नावापुरता आहे, एअरबॅग नाही, एबीएस नाही. यातली एकेक उणीव भरून काढायला गेलास तर शेवटी दुसरीच गाडी तयार होईल आणि जो हलकेपणा पाहून तुझे मन तिच्यावर बसले, तोच निघून जाईल.

हा हलकेपणा तुला का भुरळ घालतो ते मी जाणतो. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन १९५७ साली आली, १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, आणि त्याच घराण्यातली आजची केटरहॅम सेव्हन १७० फक्त ४४० किलोची आहे. तिच्यात सुझुकीचे ६६० सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन असते, आणि तेवढ्या इंजिनावर ती वळणात जो आनंद देते तो दुप्पट वजनाच्या ताकदवान गाडीत मिळत नाही. वजन कमी असले की ब्रेक उशिरा लावता येतो, टायर कमी तापतात, चालकाच्या हाताला रस्ता स्पष्ट कळतो. हे सगळे खरे आहे आणि त्याची ओढ वाटण्यात काहीही गैर नाही. मात्र अशा गाड्या ब्रिटनच्या रस्त्यांवर नंबरप्लेट लावून धावताना तू पाहतोस, त्यामागे तिथली वेगळी व्यवस्था आहे. तिथे घरी बांधलेली किंवा मोजक्या संख्येत तयार झालेली एकच गाडी स्वतंत्रपणे तपासून रस्त्यासाठी मंजूर करण्याची पद्धत आहे. म्हणूनच २००७ ची लोटस टू-इलेव्हन केवळ ट्रॅकसाठीही मिळत असे आणि मंजुरीयोग्य साहित्य बसवून रस्त्यासाठीही. आपल्याकडे एकट्यादुकट्या मालकासाठी तशी सुटसुटीत वाट नाही. २०१८ मध्ये केंद्राने उत्पादकामागे वर्षाला २,५०० गाड्यांपर्यंत आयातीला इथल्या मंजुरीतून जी सवलत दिली, तीही परदेशी मानकांप्रमाणे आधीच मंजूर झालेल्या गाड्यांसाठी आहे. शर्यतीच्या जुन्या गाडीला तिचा काही उपयोग नाही.

यानंतर कोणीतरी तुला आडवाट सुचवेल, म्हणून ते आधीच लिहून ठेवतो. भंगारात निघालेल्या जुन्या मारुतीची कागदपत्रे घ्यायची, तिचा चॅसिस क्रमांक या सांगाड्यावर चढवायचा आणि 'बॉडी बदलली' असे म्हणायचे, हा सल्ला गॅरेजांतून सर्रास दिला जातो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चॅसिस क्रमांक खोडून नवा ठोकणे तर त्याहून गंभीर. तो सरळ फौजदारी गुन्हा आहे आणि त्यात तुझ्यासोबत तो काम करणारा फिटरही अडकेल. या वाटेला जाऊ नकोस आणि कोणी आग्रह केला तर तिथून ऊठ.

तू लिहितोस की रविवारी सकाळी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतले रस्ते रिकामे असतात आणि गिरणारेच्या बाजूलाही पहाटे कोणी नसते. कायद्याच्या दृष्टीने रस्ता रिकामा असणे आणि तो खासगी असणे यांचा काही संबंध नाही. कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा. न्यायालयांनी हा अर्थ बराच व्यापक धरला आहे. तुझ्या मित्राच्या द्राक्षमळ्यातला आतला रस्ता फाटकाआड असेल तर गोष्ट वेगळी, पण त्याच मळ्यात वाइन चाखायला पर्यटक येत असतील तर तो रस्ता खासगी आहे असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कायद्याने मोटार वाहनाच्या व्याख्येतून कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायची खास वाहने वगळली आहेत, हेही तू वाचले असशील. त्या आधाराचा विचार गाडी आवारात आहे तोवरच करता येतो. ती फाटकाबाहेर चालवत आणलीस की तो संपला.

पकडले गेल्यास पहिल्या वेळी दोन ते पाच हजारांचा दंड आहे, पुढच्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. मित्राच्या गाडीशी वेग लावलास तर कलम १८९ वेगळे लागते. दंड भरता येईल असे तुला वाटेल. पण कलम २०७ प्रमाणे गाडी अडकवून ठेवता येते, आणि अडकलेली गाडी उघड्या आवारात उभी राहते. जिला छप्पर नाही, दार नाही, अशी गाडी आपल्याकडच्या एका पावसाळ्यात तिथे राहिली तर वायरिंग, बेअरिंग आणि बैठकीतला फोम यांतले काय उरेल, हे तुला सांगायला नको.

खरी चिंता मात्र दंडाची नाही. या गाडीत तू बसलास की तुझे डोळे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गिरणारेच्या रस्त्यावर दिवस उजाडायच्या आत द्राक्षांचे क्रेट भरलेले ट्रॅक्टर निघतात, मजुरांनी भरलेल्या पिकअप निघतात, आणि त्यांच्या चालकांना आरशात तू दिसणारच नाहीस. शर्यतीचे ब्रेक पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत आणि स्लिक टायर थंड असताना घसरतात. ट्रॅकवर दोन फेऱ्या मारून ते तापवायचे असतात, पण गावाच्या रस्त्यावर तू पहिला जोराचा ब्रेक लावशील तो थंड पॅडवर, आणि समोर माणूस असेल. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि विमा नाही म्हणजे त्या माणसाच्या कुटुंबाची भरपाई तुझ्यावर आणि तुझ्यामागे तुझ्या वडिलांवर. रस्त्यावरच्या मोटारीला जे सगळे जड सामान लावायला लावतात, ते चालकाइतकेच समोरच्या माणसासाठीही असते. हे पटले की नोंदणीचा नियम जाचक वाटत नाही.

मग ती चालवायची कुठे? नाशिकला सर्किट नाही. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्यावरून पुढे गेलास की पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, पण ती मुळात वाहनचाचणीची जागा आहे आणि आगाऊ आरक्षणाशिवाय तिथे प्रवेश नाही. शर्यतीची खरी सर्किटे दूर आहेत. कोइमतूरजवळ करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचे सर्किट, आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन झाली. प्रत्येक वेळी गाडी दुसऱ्या वाहनावर लादूनच न्यावी लागेल. स्वतःचा ट्रेलर घेण्याचा विचार असेल तर लक्षात ठेव की कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे आणि त्याचीही नोंदणी लागते. भाड्याचा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीचा ट्रक, सोपा पडेल. वाटेत कोणी विचारले तर दाखवायला आरसी नसेल, त्यामुळे विक्रीपत्र, मूळ बिल आणि सांगाड्यावरच्या क्रमांकाचा फोटो फाइलमध्ये असलाच पाहिजे. विकणारा विक्रीपत्र देत नसेल तर बोलणे तिथेच थांबव.

आणखी एक बारीक गोष्ट, जी घेणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. गाडी ठेवायला गाळा निवडताना फ्लॅटबेड थेट शटरपर्यंत मागे येतो का, ते उभे राहून बघ. बोळ अरुंद असला तर गाळ्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचे ते दोनशे मीटर गाडी चालवत नेण्याचा मोह होतो, आणि नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी येण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. गाडीचे नाक जमिनीपासून वीतभरही वर नाही, त्यामुळे रॅम्पच्या तोंडाशी दोन लांब फळ्या टाकून चढाव सौम्य करावा लागतो, विंचने हळूहळू ओढावे लागते, आणि एक माणूस पुढे वाकून पुढच्या फायबरच्या कडेवर नजर ठेवून उभा लागतो. ही तीन माणसांची मेहनत जायच्या आणि यायच्या अशा दोन्ही वेळी आहे.

आता तुझा पहिला प्रश्न. माझे मत असे आहे की यंदा गाडी घेऊ नये. कोइमतूर आणि चेन्नईच्या रेसिंग शाळांमध्ये अशाच सिंगल-सीटर गाड्यांवर शिकवतात. गाडी त्यांची, टायर त्यांचे, मार्शल आणि रुग्णवाहिका जागेवर. एक-दोन अभ्यासक्रम कर आणि एफएमएससीआय या देशातल्या मोटार शर्यतींच्या नियामक संस्थेचा स्पर्धा परवाना काढ. मन भरले नाही तर दरम्यान नोंदणी असलेली एखादी हलकी जुनी हॅचबॅक घेऊन ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी सर्किटवर चालवू देतात त्या दिवशी, जा. तिचे ब्रेक ऑइल बदल, चांगले टायर लाव आणि बाकी कागदावर आहे तशीच ठेव. एवढे मात्र ध्यानात असू दे की साध्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, तेव्हा ट्रॅकवर झालेले नुकसान तुझ्याच खिशातून जाईल.

वर्षभरानंतरही हीच गाडी हवी असे वाटले, तर मी तुझ्यासोबत ती बघायला येईन. तेव्हा सस्पेन्शनचे आर्म ज्या ठिकाणी सांगाड्याला जोडलेले असतात तिथला रंग आपण आधी तपासू, कारण वेल्डिंगची चीर नव्या पावडर कोटिंगखाली सहज लपते. हार्नेसच्या, म्हणजे चालकाला बांधणाऱ्या पट्ट्यांच्या, लेबलवरची मुदत बघू आणि आधीच्या मालकाची शर्यतींची नोंदवही मागू. विकणाऱ्याला तोवर कसलाही आगाऊ पैसा देऊ नकोस. शाळेची पुढची तुकडी कधी आहे ते विचारून मला कळव. परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागेल, तेव्हा रक्तगटाची तपासणी या आठवड्यातच करून घे.

तुझा हितचिंतक