तेल कमी केले तरी भाजी बेचव होऊ नये, यासाठी काय करावे?

आपला प्रश्न असा आहे की, जेवणातला मुख्य पदार्थ पोटभरीचा असताना त्याच्या जोडीला तेल, साय किंवा चीज यांचा भार नसलेली भाजी हवी असते, पण तेल कमी करताच ती पाणचट आणि बेचव होते. तर घरी सहज करता येतील अशा हलक्या भाज्या कोणत्या? माझ्या अनुभवावरून सांगते की भाजी पाणचट होण्याचा दोष कमी तेलाकडे क्वचितच असतो. भाजीत मुळातच असलेल्या पाण्याचे काय करायचे, हे आपण ठरवलेले नसते. काकडीत सुमारे ९५ टक्के, कोबीत ९२ टक्के आणि गाजरासारख्या घट्ट भाजीतही ८८ टक्के पाणी असते. ते झटकन उडवायचे, मीठ लावून काढून घ्यायचे की त्यातच भाजी शिजवायची, हा निर्णय आधी घेतला तर थोडे तेलही पुरते.

काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना डॉक्टरांनी तेल आणि मीठ कमी करायला सांगितले, तेव्हा मी नेहमीच्याच भाज्या नेहमीच्याच पद्धतीने, फक्त तेल वगळून करू लागले. वडील काही बोलले नाहीत, पण त्यांच्या ताटात रोज भाजी उरू लागली आणि मला त्याचे फार वाईट वाटले. ज्या माणसाने भाजी अधिक खावी म्हणून हा खटाटोप चालला होता, तोच ती कमी खाऊ लागला होता. तेल पूर्णपणे वगळण्याची गरज नसते, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. १५ मिलीलिटरच्या मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात, तर ५ मिलीलिटरच्या लहान चमचाभर तेलात सुमारे ४०. अर्धा किलो भाजीला दोन लहान चमचे तेल घातले आणि ती चौघांनी खाल्ली, तर प्रत्येकाच्या वाट्याला तेलाच्या जेमतेम २० कॅलरी येतात. शिवाय गाजर, पालक, टोमॅटो यांतली कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्ये थोड्या स्निग्धांशाबरोबरच शरीरात नीट शोषली जातात, त्यामुळे हे दोन चमचे वाचवण्यात फायदा नाही.

मला सर्वांत उपयोगी पडलेली रीत म्हणजे आधी वाफ आणि मग तेल. फ्लॉवरचे तुरे, गाजराचे काप किंवा ब्रोकोली जाड बुडाच्या पसरट कढईत एका थरात पसरावी, दोन मोठे चमचे पाणी घालावे आणि झाकण ठेवून मध्यम आचेवर चार-पाच मिनिटे वाफ आणावी. भाजी सुरीच्या टोकाला किंचित विरोध करत असतानाच झाकण काढावे, आच वाढवावी आणि कढईतले पाणी पूर्ण आटू द्यावे. चर्र असा आवाज येऊ लागला की मगच दोन लहान चमचे तेल, बारीक चिरलेला लसूण आणि मीठ घालावे, भाजी एकदा हलवावी आणि नंतर दोन मिनिटे तिला अजिबात हात लावू नये. कढईत पाणी असेपर्यंत भाजीचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि खरपूस रंग व खमंग वास ज्या प्रक्रियेतून येतो तिला साधारण १४० अंशांच्या पुढची उष्णता लागते. म्हणूनच ओली भाजी कितीही वेळ परतली तरी ती खरपूस होत नाही, नुसती मऊ होत जाते. शेवटी घातलेले तेल भाजीच्या पृष्ठभागावर राहते आणि जिभेला आधी तेच लागते. सुरुवातीला घातलेल्या तेलाचा असा उपयोग होत नाही.

मशरूम आणि वांगे या दोन भाज्यांसाठी तर ही रीत मी अनिवार्यच मानते, कारण दोन्ही स्पंजसारख्या असतात आणि समोर येईल तेवढे तेल पिऊन टाकतात. मशरूमचे काप कोरड्या, तापलेल्या तव्यावर टाकले की काही मिनिटांत त्यांचे पाणी सुटते. ते आटल्यानंतर एक लहान चमचा तेल आणि ताजी मिरपूड पुरेशी होते. वांग्याच्या फोडी आधी वाफवून घेतल्या तर त्यांच्यातली हवेची पोकळी बसते आणि नंतर त्या फारच कमी तेल शोषतात.

घरी ओव्हन असेल तर तो २२० अंशांवर नीट तापवून घ्यावा. तुरे किंवा काप धुतल्यावर कापडाने अगदी कोरडे करावेत, अर्धा किलोला दोन लहान चमचे तेल हाताने चोळावे आणि ट्रेमध्ये त्यांच्यात अंतर ठेवून पसरावेत. २० ते २५ मिनिटांत, मध्ये एकदा उलटले की, कडा तपकिरी होतात. ट्रे गच्च भरण्याचा मोह मात्र टाळायला हवा. गर्दीत भाजी भाजली जात नाही, एकमेकींच्या वाफेवर शिजते. भाजी जास्त असेल तर दोन ट्रे घ्यावेत.

हिरव्या भाज्यांचा, विशेषतः फरसबीचा, विचार वेगळा करावा लागतो. भरपूर उकळत्या पाण्यात, लिटरला साधारण १० ग्रॅम मीठ घालून, झाकण न ठेवता फरसबी तीन-चार मिनिटे शिजवावी, लगेच गार पाण्यात बुडवावी, निथळावी आणि कापडावर टिपून घ्यावी. आम्लामुळे आणि रेंगाळलेल्या उष्णतेमुळे हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते आणि भाजी मळकट दिसू लागते. झाकण उघडे ठेवल्याने भाजीतून निघणारी आम्ले वाफेबरोबर निघून जातात, आणि लिंबूही याच कारणासाठी अगदी शेवटी पिळायचे असते. रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची रीत मला पटत नाही; रंग राहतो, पण भाजी गिळगिळीत होते आणि जीवनसत्त्वांचेही नुकसान होते. जीवनसत्त्व क पाण्यात उतरते, त्यामुळे ते अधिक टिकवायचे असेल तर उकळण्यापेक्षा वाफवणे चांगले.

पालकाला तर वेगळे पाणी लागतच नाही. धुतल्यावर पानांना चिकटलेल्या पाण्यावरच तो दोन मिनिटांत बसतो. मग तो हलकेच पिळून चमचाभर तेलात परतलेल्या लसणात घोळवावा. मीठ मात्र पालक बसल्यानंतरच घालावे, कारण पातेलेभर पानांची वाटीभर भाजी होते आणि आधी घातलेले मीठ हमखास जास्त होते.

न शिजवता करायची असेल तर काकडीचे पातळ काप किंवा अगदी बारीक चिरलेला कोबी घ्यावा. अर्धा किलोला अर्धा लहान चमचा मीठ चोळून २० मिनिटे चाळणीत ठेवावा, आणि सुटलेले पाणी घट्ट पिळून टाकावे. असे केले की वरून घातलेले दही किंवा लिंबाचा रस पातळ होत नाही आणि काकडी करकरीत राहते. मेयोनेझ किंवा साय जिथे वापरली जाते, तिथे दोन मोठे चमचे घट्ट दही आणि थोडी मिरपूड मला अधिक आवडते.

मिठाबद्दलही सांगायला हवे, कारण आमच्या घरी तेलापेक्षा तेच अधिक अवघड गेले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभरही नाही, अशी आहे. आंबटपणामुळे तेवढेच मीठ जिभेला अधिक जाणवते, म्हणून मी मीठ नेहमीच्या निम्मे घालते, ते शेवटी आणि वरून घालते, आणि त्यानंतर लिंबू किंवा थोडे व्हिनेगर घालून चव पाहते. बहुतेक वेळा आणखी मीठ लागत नाही.

रोज वेळ मिळत नसेल तर फरसबी आणि ब्रोकोली एकदम शिजवून, गार व कोरडी करून, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवता येते. जेवणापूर्वी ती तापलेल्या कढईत मिनिटभर परतावी आणि तेल, मीठ, मिरपूड त्याच वेळी घालावी. लिंबू मात्र ताटात वाढल्यावरच पिळावे.