मी प्रत्येक गोष्टीत गरजेपेक्षा जास्त सावध असतो, नेहमी सेफ पर्यायच निवडतो. रिस्क घ्यायला कसं शिकू?

तुम्ही लिहिलंय की नोकरी बदलायची असो नाहीतर मीटिंगमध्ये साधा प्रश्न विचारायचा असो, "नंतर बघू" म्हणून राहूनच जातं आणि मग स्वतःचाच राग येतो. माझाही स्वभाव असाच, म्हणून मनापासून सांगतोय.

आधी हे लक्षात घ्या की टाळलं की त्या क्षणी जे हायसं वाटतं ना, तिथेच सगळी गोम आहे. टाळून बरं वाटलं म्हणून पुढच्या वेळी मन परत टाळायलाच सांगतं, आणि ज्याची धास्ती होती ते खरंच झालं असतं का हे कधी कळतच नाही, म्हणून भीती वर्षानुवर्षं तशीच राहते. त्यात माणसाला मिळण्यापेक्षा गमावणं जास्त लागतं, कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे मांडलं, आणि पुढे त्यांचा अंदाज असा होता की गमावणं मिळण्याच्या साधारण दुप्पट लागतं. म्हणजे तुम्ही काही जगावेगळे भित्रे नाही.

मला खरा उपयोग झाला तो लिहून ठेवण्याचा. काही करायच्या आधी नेमकं काय वाईट होईल ते लिहायचं. "काहीतरी गडबड होईल" असं मोघम नको, "पगारवाढ मागितली तर साहेब चिडतील आणि नंतर नीट बोलणार नाहीत" असं स्पष्ट. मग ते करायचं आणि नंतर तो कागद काढून वाचायचा. बऱ्याचदा समोरून उत्तर "नाही" असंच येतं, पण चिडणं, बोलणं बंद होणं यातलं काही होत नाही, आणि नकार आपण पचवू शकतो हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. भीतीवरच्या उपचारांतही तज्ज्ञ हेच करून घेतात, आधी अंदाज, मग प्रत्यक्ष अनुभव, मग दोन्हींची तुलना.

सुरुवात मात्र अशा गोष्टींपासून करा ज्या उलटवता येतात. कोर्स आवडला नाही तर सोडता येतो, प्रश्न चुकीचा निघाला तर दोन मिनिटांत सगळे विसरतात. कर्ज काढून शेअरमध्ये पैसे टाकणं किंवा कुणाला जामीन राहणं यात तुमचा सावधपणा अगदी बरोबर आहे, तिथे तो अजिबात सोडू नका, कुणी कितीही "बिनधास्त जग" म्हणू दे.

स्टीव्हन लेविट या अर्थतज्ज्ञाने मोठ्या निर्णयावर अडकलेल्या लोकांना नाणं उडवायला लावलं होतं, आणि ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी सरासरी जास्त समाधानी निघाले. ते लोक आधीच द्विधा होते, हे विसरू नका, पण तुम्हीही तिथेच आहात असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं.

नोकरीचं म्हणाल तर राजीनाम्याचा विचार आत्ता बाजूला ठेवा. रेझ्युमे अपडेट करा, एक-दोन इंटरव्ह्यू द्या, ऑफर आली तरी नाही म्हणायचा हक्क तुमच्याकडेच आहे. आणि धास्तीमुळे झोप किंवा रोजचं काम बिघडत असेल तर हे सगळं एकट्याने करत बसू नका, सरळ काउन्सेलरला भेटा.