केंद्राचा अन्न परवाना असताना दुसरं राज्य माझ्या मालावर बंदी घालू शकतं का?

घालू शकतं. तुमचे मसाले आणि सुक्या चटण्या कोल्हापुरात बनतात, कर्नाटकात आणि तेलंगणात वितरक नेमायचे आहेत, आणि सल्लागार म्हणतोय की केंद्राचा एफएसएसएआय (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण) परवाना काढला की कुठलंच राज्य हात लावू शकत नाही. हे ऐकलं की मला राग येतो, कारण याच भरवशावर छोटे उत्पादक फसतात. परवाना जागेचा असतो. तुमचा कारखाना नियमात बसतो, एवढंच तो सांगतो. माल ज्या राज्यात विकला जातो, तिथल्या अन्न सुरक्षा आयुक्ताचे हात त्यानं बांधले जात नाहीत.

दुसरा ठरलेला युक्तिवाद राज्यघटनेच्या कलम ३०१ चा: देशभर व्यापार मुक्त आहे. आहे, पण ३०४ सुद्धा वाचा. ३०४(अ) सांगतं की बाहेरच्या मालावर स्थानिक मालापेक्षा वेगळा, भेदभावाचा कर नको. ३०४(ब) मात्र सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालायची मुभा देतं. अट एवढीच की विधेयकाला राष्ट्रपतींची पूर्वमंजुरी हवी. कराचं भांडण जिंदाल स्टेनलेस खटल्याच्या २०१६ च्या निकालानं आणि २०१७ च्या जीएसटीनं बरंचसं मिटवलं. आता राज्याचा खरा जोर आहे तो आरोग्याच्या कारणानं घातलेल्या बंदीत.

हा जोर कुठून येतो ते गुटख्याच्या प्रकरणाइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसत नाही. महाराष्ट्रानं १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखा आणि पान मसाला बंद केला होता. आधार घेतला १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्यातल्या कलम ७(४) चा. २ ऑगस्ट २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं गोदावत पान मसाला खटल्यात तो आदेश रद्द केला. राज्यातल्या अधिकाऱ्याचा तो अधिकार स्थानिक, तात्पुरत्या संकटापुरता आहे. एखादा पदार्थच बंद करायचा तर ते केंद्राचं काम, असं न्यायालय म्हणालं. जुलै २०१२ मध्ये त्याच राज्यानं तीच पुडी पुन्हा बंद केली आणि ही बंदी टिकली. मधल्या काळात गुटखा बदलला नव्हता, कायदा बदलला होता. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याचं कलम ३०(२)(अ) आयुक्ताला थेट अधिकार देतं: सार्वजनिक आरोग्यासाठी कोणत्याही अन्नपदार्थाचं उत्पादन, साठवण, वितरण किंवा विक्री राज्यभर किंवा काही भागात बंद करता येते, पण एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष. शिवाय अन्नात तंबाखू आणि निकोटिन घालायला मनाई करणारा २०११ चा केंद्रीय विनियम २.३.४ पाठीशी होता. म्हणून टपरीवर एक पुडी पान मसाल्याची आणि शेजारी एक तंबाखूची लटकवायची, मिसळायचं काम गिऱ्हाइकावर सोडायचं, ही पळवाट निघाली, आणि म्हणूनच महाराष्ट्राच्या आदेशात गुटख्याबरोबर पान मसाला आणि सुगंधित तंबाखूचीही नावं असतात.

तेव्हा बंदीचा आदेश हातात आला की आधी कलम, तारीख आणि मुदत बघा. तेलंगणानं कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर ३० ऑक्टोबर २०२४ पासून बंदी घातली ती बरोबर एक वर्षाची. मुदत संपली आणि नवा आदेश निघाला नाही, तर बंदी नाही.

अधिकार आहे म्हणून कसाही वापरता येतो असंही नाही. मॅगीवर २०१५ च्या जूनमध्ये एफएसएसएआय आणि महाराष्ट्राचे आयुक्त, दोघांनी लागोपाठ बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयानं १३ ऑगस्टला दोन्ही आदेश रद्द केले. कंपनीला म्हणणं मांडू दिलं नव्हतं आणि शिशाची तपासणी झालेल्या प्रयोगशाळा कायद्याला हव्या तशा मान्यताप्राप्त नव्हत्या.

तुमच्यासारख्याचं नुकसान मात्र बंदीपेक्षा नमुन्यात होतं. अधिकारी नमुना घेतो वितरकाच्या दुकानात. कलम ४७ प्रमाणे नमुन्याचे चार भाग होतात: एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, पण तो व्यावसायिकानं मागितला तरच. वितरक घाबरतो, सही करतो, चौथा भाग मागत नाही. अहवाल विरोधात गेला की अपिलाला ३० दिवस असतात, आणि त्यातले बरेचसे कागद तुमच्यापर्यंत पोचेपर्यंतच संपतात. वितरकाशी करार करताना तीन गोष्टी लिहून घ्या: नमुना घेतला त्याच दिवशी फोन आणि पंचनाम्याचा फोटो, चौथ्या भागाची मागणी जागेवरच लेखी, अहवाल मिळताच त्याची प्रत. तुमच्याकडून प्रत्येक बिलावर बॅच नंबर आणि फॉर्म ई ची हमी (माल नियमाप्रमाणे असल्याची विकणाऱ्याची लेखी हमी) जायला हवी. बॅच नंबर नसेल तर दुकानात सापडलेलं पाकीट तुमच्या कोणत्या मालातलं हे कोणालाच सिद्ध करता येत नाही, आणि भेसळ वाटेत झाली हे तुम्हालाही नाही.

 दारूचं गणित मात्र वेगळं. तिच्या व्यापाराचा मूलभूत हक्कच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज निकालात पक्कं झालंय. आणि वेष्टन विसरू नका. मसाला चालला तरी पिशवी अडू शकते: महाराष्ट्राची २०१८ ची प्लास्टिकबंदी राज्याच्या स्वतःच्या २००६ च्या कायद्याखाली आहे, तिचा अन्न परवान्याशी संबंध नाही.

बंदी असलेल्या राज्यातून माल नुसता पुढे जाणार असेल तरी जपा. कलम ३०(२)(अ) मध्ये 'वाहतूक' हा शब्द नाही, पण आदेशांत तो घातला जातो आणि ट्रक थांबतो तो आदेशावर. ई-वे बिल आणि बिलावर शेवटच्या राज्यातल्या खरेदीदाराचा पूर्ण पत्ता असू द्या, आणि त्या राज्यात गोदामात माल उतरवू नका. एक रात्र उतरवला तरी ती साठवण झाली, आणि तो शब्द कलमात आहे.