काहून रात्रीच येता वो बाई?

प्रश्न : ताई, माझी मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली. आता पीएच.डी.साठी हत्तीपायाच्या जंतावर काम करते. महिन्यातले आठ-दहा दिवस ती रात्री दहानंतर खेड्यापाड्यांत लोकांच्या बोटातलं रक्त घेत फिरते. हे दिवसा होत नाही का? आणि शास्त्रज्ञाने प्रयोगशाळा सोडून हे करायचं असतं का?
— एक वडील, यवतमाळ

उत्तर : भाऊ, तुमचा पहिला प्रश्न मला वर्धा जिल्ह्यातल्या एका आजीने गोधडीतून विचारला होता : "दिवसा काहून नाही येत वो बाई?" मी या कामात नवी होते, पुस्तकातलं सांगू लागले. तिने कूस बदलली आणि नुसतं बोट बाहेर काढलं.

मोठे जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे लसिका हा पातळ द्रव नेणाऱ्या नळ्यांत राहतात, त्यांची सूक्ष्म पिल्लं रक्तात. दिवसा ही पिल्लं फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात. रात्री दहा ते दोनच्या सुमाराला कातडीजवळच्या रक्तात येतात, कारण त्यांना नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. माणूस कायम रात्रपाळी करू लागला, तर काही दिवसांत पिल्लांचं वेळापत्रकही उलटतं! हल्ली दिवसाच्या रक्तावर कार्डाची चाचणी होते. अंगात मोठा जंत आहे की नाही ते तिच्यावरून कळतं. पण डासाने उचलावीत अशी पिल्लं रक्तात फिरताहेत का, हे रात्री घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर दिसतं.

आम्हाला चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच होती. पाय सुजलेली माणसं आपणहून पुढे यायची, "माझं रक्त घ्या" म्हणायची. त्यांच्या काचपट्ट्या बहुधा कोऱ्या निघायच्या. पिल्लं सापडायची ती धडधाकट पोरांच्या रक्तात, आणि त्यांना "तुला औषध घ्यायचंय" हे पटवणं रक्त घेण्यापेक्षा अवघड.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. पॅट्रिक मॅन्सन हा स्कॉटिश डॉक्टर चीनमधल्या अमॉय बंदरात नोकरीला होता. १८७७मध्ये त्याने हिन लो नावाच्या आपल्या माळ्याला, ज्याच्या रक्तात ही पिल्लं होती, डासांच्या खोलीत झोपवलं. रक्त पिऊन टम्म झालेले डास पकडून तो फाडून बघत गेला. पिल्लं डासाच्या पोटात आपलं वेष्टन टाकतात आणि पुढे त्याच्या छातीच्या स्नायूंत वाढतात, हे त्याला दिसलं. कीटकाच्या अंगात माणसाचा परजीवी वाढतो, हे तोवर कुणी दाखवलं नव्हतं. पिल्लं रात्री वर येतात हेही त्यानेच शोधलं. त्यासाठी एक मदतनीस दिवसा रक्त तपासायला बसवला, दुसरा रात्री. पण पुढे तो घसरला. डास अंडी घालून पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला जंत होतात, असं त्याने ठरवून टाकलं. जॉर्ज लो या ब्रिटिश डॉक्टरला डासाच्या सोंडेतच पिल्लं दिसली, म्हणजे जंत चाव्यातून जातात हे कळलं, ते १९००मध्ये. मधली तेवीस वर्षं गेली. एवढ्या मोठ्या माणसाने डास दुसऱ्यांदा चावेपर्यंत जगवून का पाहिला नाही, याचा मला अजून राग येतो.

माझी घसरण त्याहून साधी. पहिल्याच हंगामात एका गावात ऐंशीच्या वर काचपट्ट्या केल्या आणि शाळेच्या खोलीत वाळत ठेवल्या. रक्ताचा जाड थर रात्रभर वाळवावा लागतो, मग साध्या पाण्यात धुवून त्याचा लाल रंग घालवायचा आणि रंगद्रव्य चढवायचं. सकाळी बघते तर निम्म्या काचा चकचकीत : मुंग्यांनी चाटून पुसून ठेवलेल्या. चार दिवसांनी त्याच घरांची दारं पुन्हा वाजवली. त्या आजीने या खेपेला काही विचारलं नाही, बोट पुढे केलं आणि म्हणाली, "मागचं सांडलं का वो?"

तेव्हा हो, शास्त्रज्ञाने हे करायचंच असतं. काचपट्टी कुणी, किती वाजता, कशी घेतली हे ठाऊक नसेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं त्यावर किती विश्वास टाकायचा हेही कळत नाही.

काळजी रात्रीची असेल तर एवढंच विचारा : सोबत गावची आशाताई आणि एखादा आरोग्यसेवक असतो ना? आदल्या दिवशी दवंडी किंवा निरोप जातो ना? परतायला गाडी ठरलेली आहे ना? नसेल, तर तिच्या मार्गदर्शकांना फोन करा. बापाने केला तर बिघडत नाही.

आणि चार जुन्या वाट्या तिच्या पिशवीत टाका. काचपट्ट्यांच्या टेबलाचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवायचे, हे तिला कुणी सांगितलं नसेल.