एक तास राबणाऱ्याला पूर्ण दिवसाची मजुरी: द्राक्षमळ्याच्या दाखल्यात न्याय कुठे आहे?

आपण विचारले आहे की, पहाटेपासून राबलेल्या आणि शेवटचा एकच तास काम केलेल्या मजुरांना सारखीच मजुरी देणारा मालक न्यायी कसा ठरतो, आणि प्रत्येकाच्या कामाचे मोजमाप करून ज्या जगात पगारवाढ ठरते तिथे बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील या दाखल्याचे, म्हणजे येशूने सांगितलेल्या या बोधकथेचे, करायचे तरी काय. आपण स्वतः एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहात, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला रोजच्या कामात छळत असणार. मी नाशिक जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबात वाढलो आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 22 वर्षे रविवारची शाळा चालवली. हा दाखला शिकवताना दर वर्षी एखादे तरी मूल हाच प्रश्न विचारी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात कथा सांगतो. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो आणि दिवसाचा एक दिनार ठरवून मजूर आणतो. दिनार हे रोमन चांदीचे नाणे, त्या काळची साधारण एका दिवसाची मजुरी. नऊच्या सुमारास, बारा वाजता आणि तीन वाजता तो पुन्हा जाऊन आणखी माणसे आणतो. दिवस मावळायला तासभर उरला असताना, म्हणजे त्या काळच्या मोजणीने अकराव्या तासाला, तो शेवटचा जातो, तेव्हाही काही जण तिथे उभेच असतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे त्याने विचारल्यावर ते म्हणतात, "आम्हाला कोणी कामावर लावले नाही." संध्याकाळी कारभारी शेवटच्यांपासून मजुरी वाटू लागतो, प्रत्येकाच्या हातावर एकेक दिनार ठेवतो, आणि पहाटे आलेले कुरकुर करू लागतात.

मराठी बायबलमध्ये द्राक्षमळा हा शब्द आहे. आमच्याकडे नुसते बाग म्हणतात. लहानपणी मी या कथेकडे बागेच्या बाजूने पाहत असे, कारण काढणीच्या दिवसांत पेठ आणि सुरगाण्याकडून दिंडोरी, निफाडच्या बागांवर येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या डोळ्यांसमोर असत. पुढे शहरात राहायला आल्यावर रोज सकाळी मजुरांच्या नाक्यावरून कामाला जाऊ लागलो आणि कथा नाक्याच्या बाजूने दिसू लागली. सात वाजता नाका गजबजलेला असतो. गवंड्याच्या पिशवीतून थापीची मूठ बाहेर आलेली असते, रंगाऱ्याने ब्रश उभे ठेवलेला डबा पायाशी मांडलेला असतो, म्हणजे ठेकेदाराला विचारण्याआधीच कळावे की कोण काय काम करतो. टेम्पो थांबला की चार-सहा जण धावतात. ठेकेदार दंड आणि खांदे पाहून दोघांना घेतो. साडेदहानंतर जे उरतात त्यांत वयस्क माणसे, अंगाने किरकोळ माणसे, एखादी लेकुरवाळी बाई असते. मी एकदा दुपारी दीडला तिथून परतत होतो, तेव्हा पन्नाशीतला एक गृहस्थ फुटपाथच्या कडेला बसून घरून आणलेली भाकरी खात होता. पिशवीतली थापी कोरडी होती. ती भाकरी त्याने कामावर खायची म्हणून बांधून आणली होती. त्या दिवसापासून मला वाटते की उन्हातान्हात राबण्याइतकाच भार, आपल्याला आज कोणी घेणार नाही हे कळत असताना उभे राहण्याचाही असतो, आणि दाखल्यातील कुरकुर करणाऱ्यांना नेमका तोच भार मोजता येत नाही.

आता न्यायाकडे येऊ. ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटलने वाटपाच्या न्यायाचा विचार करताना प्रमाणाचे तत्त्व मांडले: ज्याची जेवढी योग्यता, त्याला तेवढे. आपल्या कार्यालयातील मूल्यमापन याच तत्त्वावर चालते आणि ते तत्त्व मला चुकीचे वाटत नाही. पण दाखल्यातील मालक ते मोडत नाही, याकडे लक्ष द्यावे. पहिल्यांशी ठरलेला दिनार त्याने पूर्ण दिला, आणि तोही त्याच संध्याकाळी, कारण मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी अशी स्पष्ट आज्ञा आहे आणि तिचे कारण म्हणून तो गरीब आहे, त्याचे मन त्या मजुरीकडे लागलेले असते, असे बायबलमधील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात म्हटले आहे. पहिल्यांचे एक पैशाचेही नुकसान झालेले नाही. त्यांची तक्रार शब्दशः अशी आहे की, तू यांना आमच्या बरोबरीचे केलेस. दुसऱ्याच्या हातावरचे नाणे पाहेपर्यंत त्यांना आपला दिनार पुरेसा वाटत होता. मालक उत्तर देतो त्यात मूळ ग्रीकमध्ये वाईट डोळ्याचा उल्लेख आहे. आपण मराठीत म्हणतो तसे, माझे उदार असणे तुझ्या डोळ्यांत सलते काय, असा तो प्रश्न आहे.

इथे एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. पहाटेच्या मजुरांना आधी पैसे देऊन वाटेला लावले असते, तर ते समाधानाने घरी गेले असते आणि मागे कोणाला किती मिळाले हे त्यांना कधी कळलेही नसते. पगाराची पाकिटे बंद ठेवण्याची युक्ती त्या मालकालाही सुचली असती. तरीही येशू कथा अशी रचतो की शेवटच्यांना पहिल्यांच्या डोळ्यांदेखत मिळते. याचे कारण मागच्याच अध्यायात सापडते. तिथे श्रीमंत तरुण आपली संपत्ती सोडायला तयार न होता खिन्न होऊन निघून जातो आणि येशूचा शिष्य पेत्र लगेच विचारतो की, आम्ही तर सर्व सोडून तुझ्यामागे आलो, मग आम्हाला काय मिळेल? येशू त्याला मोठे आश्वासन देतो आणि पाठोपाठ हा दाखला सांगतो. म्हणजे ही कथा मालकांच्या सभेत सांगितलेली नाही. जे पहाटे आले आणि ज्यांना आपल्या पहाटे येण्याचा हिशेब ठेवावासा वाटू लागला, अशा शिष्यांना सांगितलेली आहे.

ख्रिस्ती धर्मशास्त्र याला कृपा म्हणते: जे कमावता येत नाही आणि म्हणून ज्याचे तुकडे करून कमीजास्त वाटता येत नाही. प्राचीन ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्टीनने एका प्रवचनात या दिनाराचा अर्थ सार्वकालिक जीवन असा लावला. अनंताचे अर्धे देता येत नाही, म्हणून तो सर्वांना सारखाच. त्याच प्रवचनात तो उशीर करणाऱ्यांनाही बजावतो की, अकराव्या तासाला येणाऱ्यालाही दिनाराचे वचन आहे, पण अकराव्या तासापर्यंत जगशील असे वचन कोणी दिलेले नाही. त्याच काळातील धर्मगुरू जॉन क्रिसोस्तोमच्या नावाने परंपरेने चालत आलेले एक छोटे प्रवचन ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत आजही पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, वाचले जाते, आणि त्यात उपवास केलेल्यांना आणि न केलेल्यांना, पहिल्या तासाला आलेल्यांना आणि अकराव्याला आलेल्यांना एकाच पंगतीला बोलावले आहे.

हे सर्व मी शिकवत होतो, आणि तरीही ते मला खऱ्या अर्थाने एका दफनविधीच्या वेळी समजले. आमच्या वस्तीतला एक माणूस आयुष्यभर दारूच्या नादाने घरादाराला छळत आला, शेवटच्या दीड महिन्यात अंथरुणाला खिळला, पाळकांना बोलावून रडला, प्रभुभोजन घेतले आणि गेला. त्याच्या पेटीवर तेच गीत गायले गेले जे माझ्या आईच्या वेळी गायले होते, आणि ती आयुष्यभर पहाटे चारला उठून प्रार्थना करणारी बाई होती. त्याची जागाही तिच्या रांगेतच आली. मूठभर माती टाकताना माझ्या मनात कडवटपणा दाटून आला आणि त्याच क्षणी कळले की मी कोणत्या मजुरांच्या बाजूला उभा आहे. माझ्या आईचे काहीही कमी झाले नव्हते. ती असती तर त्याच्या बायकोशेजारी जाऊन बसली असती.

पण दाखल्याचा असा आत्मिक अर्थ लावून त्याचा व्यवहाराशी संबंध तोडणे मला पटत नाही, कारण इतिहासात तो तुटलेला नाही. इंग्रज लेखक जॉन रस्किनने 1860 मध्ये अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले आणि त्यांना 'अनटू धिस लास्ट', म्हणजे 'या शेवटच्यालाही', हे याच दाखल्यातील शब्दांचे शीर्षक दिले. 1904 मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत गांधीजींनी ते पुस्तक वाचले आणि त्यांना रात्रभर झोप आली नाही. वकिलाच्या कामाचे मोल न्हाव्याच्या कामाइतकेच, हा त्यांनी त्यातून घेतलेला अर्थ होता. त्याच वर्षी डर्बनजवळ त्यांची फिनिक्सची वसाहत उभी राहिली, आणि तिथे वर्ण किंवा देश न पाहता प्रत्येकाला महिना तीन पौंड असे ठरले. पुढे 1908 मध्ये त्यांनी त्या पुस्तकाचा गुजरातीत सारांश केला आणि त्याला 'सर्वोदय' हे नाव दिले. विनोबांमुळे मराठी घराघरांत पोहोचलेल्या या शब्दामागे द्राक्षमळ्यातला तो शेवटचा मजूर उभा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. पोप तेरावे लिओ यांनी 1891 च्या परिपत्रकात म्हटले की, मजूर नाइलाजाने कमी मजुरीला कबूल झाला तरी ती न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल इतकी ती असलीच पाहिजे. आणि 'कोणी आम्हाला कामावर लावले नाही' या वाक्याला सरकारी उत्तर द्यायचा प्रयत्न महाराष्ट्रानेच 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेने केला, ज्यामागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा ध्यास होता. पागे यांना ही प्रेरणा बायबलमधून मिळाली असे मला सुचवायचे नाही. प्रश्न मात्र तोच होता.

आपल्या कामापुरते बोलायचे तर, हा दाखला मूल्यमापन बंद करा असे सांगत नाही, आणि ज्याने अधिक केले त्याला अधिक देण्यात पाप नाही. तो दोन गोष्टी विचारायला लावतो असे मला वाटते. एक, तक्त्यात सर्वांत खाली असलेल्या माणसाचा पगार त्याच्या कामगिरीवरून ठरवण्याआधी त्याच्या घरची चूल पेटण्याइतका आहे का, हे कोणी पाहिले आहे काय. दुसरी, मालकाकडे कारभारी होता, तरी माणसे शोधायला बाजारात तो पाच वेळा स्वतः गेला. निवड झाली नाही अशांच्या अर्जांचे पुढे काय होते, त्यांना कोण भेटते, हे आपल्या विभागाला ठाऊक आहे काय.

दुसऱ्या दिवशी पहाटे कामाला कोण आले असेल, हा आपला शेवटचा प्रश्न. मत्तयाने त्याचे उत्तर लिहिलेले नाही. 'मित्रा, तुझे घे आणि जा,' असे मालक म्हणतो, आणि त्या मजुराने दिनार उचलून कंबरेला खोचला की तिथेच उभा राहून त्या शेवटच्या माणसाकडे पाहत राहिला, हेही त्याने लिहिलेले नाही.