क्रूर हुकूमशहा नेमके कशामुळे वर येतात?

बालपणाला फार महत्त्व देऊ नका. हिटलर आणि स्टालिन दोघांनीही बापाचा मार खाल्ला, पण तसा मार लाखो पोरांनी खाल्ला. खरी गोम समाजात असते. १९२८ मध्ये जर्मनीत हिटलरच्या नाझी पक्षाला जेमतेम २.६ टक्के मतं होती. मग मंदी आली, बेकारी ६० लाखांच्या घरात गेली आणि जुलै १९३२ मध्ये मतं ३७ टक्क्यांवर पोचली. तरीही बहुमत नव्हतंच! माजी चॅन्सेलर (म्हणजे सरकारप्रमुख) पापेनसारख्या मुरलेल्या पुढाऱ्यांना वाटलं, हिटलरला आपण मुठीत ठेवू. त्यांनीच ३० जानेवारी १९३३ ला त्याला चॅन्सेलर करवलं.

पुण्यात अमृततुल्यवर चहा पिताना ‘आपल्याला एक हुकूमशहाच पाहिजे’ असं शिकलेली माणसं सहज बोलतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. जर्मनीतही सुशिक्षित वर्ग लोकशाहीला असाच कंटाळला होता. २३ मार्च १९३३ ला संसदेनंच कायदे करायचा अधिकार हिटलरच्या सरकारला देऊन टाकला.