फ्रान्समधल्या जुन्या बाजारातून घेतलेल्या कोरीव पेल्यावर 925 नाही. मग तो चांदीचा आहे का?

तुम्ही लिहिलंय की पेल्यावर 925, म्हणजे हजारात 925 भाग चांदी असल्याचा आकडा, कुठेच नाही, शिरस्त्राण घातलेल्या बाईचं डोकं आणि शेजारी आद्याक्षरांचा एक ठसा तेवढा आहे. मग काळजी नको. ती बाई म्हणजे रोमन देवी मिनर्व्हा, आणि 1838 पासून फ्रेंच सरकारचा चांदीवरचा ठसा तोच आहे. भिंग घ्या आणि तिच्या कपाळासमोर 1 दिसतो का बघा. दिसला तर जुन्या पेल्यात चांदी हजारात 950, म्हणजे 925 पेक्षा सरसच. हनुवटीखाली 2 असेल तर 800.

आद्याक्षरांच्या ठशात मी अक्षरांआधी चौकट बघतो. पत्त्यातल्या चौकटसारखी टोकावर उभी असेल तर तो चांदी घडवणाऱ्या कारागिराचा शिक्का. 1797 च्या कायद्याने हा आकार ठरला. तीच चौकट सरळ चौरस असेल तर माल मुलामा दिलेला. पुष्कळ लोक इथेच फसतात, कारण मुलाम्याच्या भांड्यांवरही ठसे अगदी रुबाबदार असतात.

आता ठशाच्या बरोबर मागच्या बाजूला, पेल्याच्या आतून बघा. ठसा मारताना भांडं ज्या छोट्या ऐरणीवर टेकवायचे, तिच्यावर किड्यांची बारीक नक्षी कोरलेली असायची. घाव बसला की ती आत उमटायची. नकली ठसा मारणाऱ्याला दोन्ही बाजू जुळवणं अवघड जावं म्हणून ही युक्ती. मला तर अख्ख्या पेल्यात हेच सगळ्यात जास्त आवडतं!

वयाचं मात्र मिनर्व्हा नेमकं सांगत नाही, ती आजही चालू आहे. पेला 1850 चाही असेल, 1950 चाही. त्यासाठी कारागिराची अक्षरं आणि त्यांच्यामधलं छोटं चिन्ह शोधावं लागतं. म्हाताऱ्याचं डोकं असतं तर 1819 ते 1838 मधला म्हणता आला असता, कोंबडा असता तर त्याच्याही आधीचा. राजेशाहीच्या काळातले पेले विरळाच. लढायांचा खर्च भागवायला 1689 आणि 1709 मध्ये चौदाव्या लुईने, मग 1759 मध्ये पंधराव्या लुईने ढीगभर चांदी वितळवायला लावली.

नक्षीच्या मधल्या मोकळ्या जागेत नाव कोरलेलं असेल, तर ते बहुधा एखाद्या बाळाचं. असे पेले, त्यांना तिकडे तँबाल म्हणतात, बाप्तिस्म्याला भेट द्यायची रीत होती. नाव घासून काढू नका. ज्यांनी काढलंय त्यांच्या पेल्याचा पत्रा तिथे अंगठ्याने दाबला तर लवतो, आणि किंमतही तिथेच उतरते. चिंच-रांगोळीनेही घासू नका, कोरीवकामाच्या कडा बोथट होतात. कोमट पाणी, थोडा भांडी घासायचा लिक्विड साबण आणि मऊ फडकं पुरे.